नाथसागरावरच्या प्लेटा आणि न झालेली सुनावणी

पैठणच्या नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प नको, असं म्हणत तिथला कहार समाज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाने त्यांचा अर्ज फेटाळला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. एकही प्रकल्प होऊ द्यायचा नसेल तर देश पुढे कसा जाणार, असं न्यायालयाने विचारलं. अर्जदारांच्या मागे पैसा कुणाचा, असाही सवाल झाला. बातमी आली, दोन दिवस फिरली आणि विरली. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला मुख्यतः याच जलाशयाचं पाणी येतं, पण शहरात तिची फारशी चर्चा झाली नाही. जी झाली तिचा सूर एकच होता: कोळशाला विरोध समजू शकतो, पण सौरऊर्जेलाही?

हे प्रकरण तिथंच सोडून देणं मला पटत नाही. न्यायालयाने चुकीचा कायदा लावला, असं माझं म्हणणं नाही. अडचण वेगळी आहे. काठावरच्या माणसाला जो प्रश्न विचारायचा होता तो विचारायला आजच्या कायद्यात जागाच नाही, म्हणून तो दुसऱ्याच प्रश्नाच्या आडून विचारावा लागला, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच छापून तयार होतं.

जलाशय

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला जिवंत साठा २,१७१ दलघमी, म्हणजे साधारण ७६ टीएमसी (अब्ज घनफूट). बाकीचा मृतसाठा, म्हणजे तळाचं असं पाणी जे आपोआप बाहेर पडत नाही, उपसावंच लागतं. शंभराहून अधिक गावं पूर्ण किंवा अंशतः पाण्याखाली गेली. नाथांच्या नावाने ओळखला जाणारा हा सागर पसरट आणि उथळ आहे, आणि या प्रकरणात त्याचं हे उथळपणच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

उथळ असल्यामुळे त्याचा काठ एका जागी राहत नाही. भरल्या वर्षी पाणी शेतांना टेकतं. उन्हाळ्यात ते कित्येक किलोमीटर आत सरकतं आणि मागे काळा, ओला, कसदार गाळ उघडा पडतो. त्या गाळपेर जमिनीवर हरभरा, कांदा, टरबूज, चाऱ्याची पिकं घेतली जातात. याच उथळ कडांना हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, तलवार बदक, करकोचे उतरतात. म्हणूनच १९८६ मध्ये इथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. आणि याच पाण्यात मासेमारी चालते. पालखी वाहणं आणि मासे धरणं हे ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, ते कहार आणि भोई समाजाचे लोक कटला, रोहू, मृगळ यांच्यावर घर चालवतात.

मासेमारी, गाळपेर, पक्षी आणि शहराचं पाणी ही चारही कामं एकाच पाण्याच्या चढउतारावर बेतलेली आहेत. यात पाचवं काम येणार असेल तर पहिला प्रश्न असा, की त्याला या चढउताराचं काय करायचं आहे? प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात मी जे काही वाचलं त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला मला दिसला नाही. काठावर मात्र तो सगळ्यांच्या तोंडी आहे. पैठणला एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी विचारलं, "काका, एवढ्या मोठ्या पाण्यात थोड्या पॅनेलनी काय बिघडतंय?" ते म्हणाले, "ताई, पानी चढलं की आमी काठाला, उतरलं की आमी मधी. त्या प्लेटा मधीच टाकनार म्हन्ल्यावर उन्हाळ्यात आमी जायचं कुठं?"

प्लेटा नेमक्या कुठे

तरंगता सौर प्रकल्प म्हणजे जाड प्लास्टिकच्या पोकळ तराफ्यांवर बसवलेले पॅनेल. तराफे दोरखंडांनी तळाशी किंवा काठाशी नांगरलेले असतात, आणि तयार झालेली वीज केबलने काठावरच्या उपकेंद्रात येते. पाणी आटलं की तराफे चिखलात टेकून चालत नाही. वाकले, कलले की सगळी जोडणी बिघडते. त्यामुळे अशा प्रकल्पाला उन्हाळ्यातही पाणी राहील अशी खोल जागा लागते. जायकवाडीत ती जागा मधोमध, जुन्या गोदावरीच्या पात्राच्या आसपास.

आता आकडे घेऊ. याच गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या रामगुंडमला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प जुलै २०२२ पासून पूर्ण क्षमतेने चालू आहे. त्याने जलाशयाचं सुमारे ५०० एकर क्षेत्र व्यापलं आहे, म्हणजे एका मेगावॉटला पाच एकर. हे प्रमाण धरलं तर जायकवाडीवर, समजा, १,००० मेगावॉटच्या प्रकल्पाला ५,००० एकर लागतील. ३४१ चौरस किलोमीटर म्हणजे जवळपास ८४ हजार एकर. त्यातले पाच हजार म्हणजे सहा टक्के. सहा टक्क्यांना कोण नाही म्हणेल?

पण हे सहा टक्के भरलेल्या जलाशयाचे आहेत. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा जिवंत साठा संपला होता आणि पाणी मृतसाठ्यातून उचलावं लागत होतं. अशा वर्षी पाण्याचा पसारा आकसून मधल्या खोल भागापुरता उरतो. मासे तिथं, बोटी तिथं, उरलेले पाणपक्षी तिथं, शहराचा पाणीउपसाही तिथूनच. पॅनेलचे पाच हजार एकर मात्र आकसत नाहीत. भरल्या धरणात जे प्रमाण किरकोळ दिसतं ते दुष्काळात किती होईल, याचा हिशेब जलाशयाच्या पातळीनुसारच मांडावा लागतो. तलांक (पाण्याची पातळी) आणि क्षेत्रफळ यांचा तक्ता प्रत्येक धरणाचा असतो आणि तो जलसंपदा विभागाकडेच असतो. एक संध्याकाळ बसलं तर निम्मं काम होईल.

बाष्पीभवनाचा मुद्दाही असाच तपासायला हवा, कारण मराठवाड्यात तो लगेच मनाला भिडतो. आपलं पाणी उन्हात उडून जातं, त्यावर छत घातलं तर वाचेल. रामगुंडमच्या प्रकल्पामुळे वर्षाला सुमारे ३२.५ लाख घनमीटर पाणी वाचेल, असं सरकारने सांगितलं होतं. तोच दर लावला तर पाच हजार एकरांवर ३२.५ दलघमी, म्हणजे सव्वा टीएमसीहून थोडं कमी. पैठणचं ऊन आणि वारा वेगळा, त्यामुळे आकडा थोडा वरखाली होईल. ७६ टीएमसीच्या जिवंत साठ्यात हा दीड टक्का. दुष्काळात दीड टक्काही मोलाचा असतो, हे मी मान्य करते. पण "जायकवाडीचं पाणी वाचणार" या घोषणेतून जे चित्र उभं राहतं ते याहून फार मोठं असतं.

न्यायाधिकरणात काय घडलं

टिहरीचं धरण चालवणाऱ्या टीएचडीसी इंडिया या सरकारी कंपनीने जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पासाठी निविदा काढली. कहार समाजाच्या पंच कमिटीने त्या निविदेला आव्हान दिलं. मुख्य आधार होता पर्यावरणाचा: हे पक्षी अभयारण्य आहे, त्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र केंद्राने १२ जुलै २०१७ रोजी अधिसूचित केलेलं आहे, आणि पॅनेलमुळे पाण्यातल्या जीवसृष्टीला धोका आहे.

अशा प्रत्येक अधिसूचनेत एक तक्ता असतो. काही कामांवर बंदी, काहींवर नियंत्रण आणि काहींना प्रोत्साहन. खाणी, दगडाच्या खाणी, प्रदूषण करणारे उद्योग पहिल्या गटात. पावसाचं पाणी साठवणं, सेंद्रिय शेती आणि अपारंपरिक ऊर्जा तिसऱ्या गटात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं की अपारंपरिक ऊर्जेला इथं मनाई नाही. कोणत्या तरतुदीचा भंग होतो ते अर्जदारांना दाखवता आलं नाही. न्यायाधिकरणाच्या दृष्टीने विषय संपला.

मला इथं एक गोष्ट खटकते. संवेदनशील क्षेत्राचा तक्ता हा अभयारण्याच्या बाहेरच्या पट्ट्यासाठी असतो. अभयारण्याच्या हद्दीतल्या कामांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि तिथं परवानगीची वाट वेगळी, अधिक कडक आहे. तेव्हा तराफे हद्दीच्या आत की बाहेर, हा सगळ्यात आधी नकाशावर बोट ठेवून सोडवायचा प्रश्न आहे. वादाचा भर मात्र तक्त्यातल्या एका ओळीवर राहिला.

त्याहून मोठी अडचण अशी, की मच्छीमाराने पक्ष्यांचा मुद्दा पुढे केला. त्याची काळजी खोटी होती असं अजिबात नाही. पाण्याची तब्येत त्याच्याइतकी कुणाला कळते? पण त्याचं पहिलं दुखणं होतं जाळं टाकायची जागा. ते दुखणं घेऊन हरित न्यायाधिकरणात जाता येत नाही, म्हणून पर्यावरणाचं दार ठोठावावं लागलं. मग साहजिकच विचारणा झाली की शास्त्रीय पुरावा कुठे आहे. पाण्यातल्या प्राणवायूची, शेवाळाची, माशांच्या अंडी घालण्याच्या जागांची मोजमापं एका पंच कमिटीने कुठून आणायची? ती आणणं ज्यांचं काम आणि ज्यांची ऐपत, त्यांना कायद्याने त्यातून मोकळं केलेलं आहे.

तीन दारं

मच्छीमाराला आपलं म्हणणं मांडायला कायद्यात तीन दारं दिसतात. पहिलं दार पर्यावरण मंजुरीचं. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना आघात मूल्यांकन, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास, करावं लागतं आणि त्यात जनसुनावणी येते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतो, गावकरी बोलतात, त्याचं इतिवृत्त होतं. अनेक सुनावण्या नावापुरत्या होतात हे खरं, पण बोललेलं कागदावर तरी येतं आणि पुढे न्यायालयात तो कागद उपयोगी पडतो. सौर प्रकल्पांना या मंजुरीतूनच वगळलं आहे. माळरानावरच्या शंभर एकरांसाठी ते एक वेळ समजू शकतं. पक्षी अभयारण्याच्या पाण्यासाठी तोच न्याय कसा लागू होतो?

दुसरं दार पुनर्वसनाचं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली "बाधित कुटुंब" ही व्याख्या चांगली व्यापक आहे. तिच्यात मच्छीमार आणि नावाडी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: संपादनाच्या आधीची तीन वर्षं ज्यांची उपजीविका जलाशयावर होती असे. पण अट अशी की उपजीविका जमिनीच्या संपादनामुळे जायला हवी. इथं जमीन संपादित होतच नाही. ती पन्नास वर्षांपूर्वीच संपादित होऊन बुडाली आहे. पाण्याचा पृष्ठभाग सरकारचा, तो एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी कंपनीला वापरायला मिळणार. त्यामुळे मच्छीमार बाधित होतो, पण बाधित ठरत नाही. धरणाच्या वेळी ज्यांची गावं गेली त्यांच्यातल्याच काहींच्या नातवंडांवर ही वेळ आली आहे, हे लिहिताना मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

तिसरं दार मासेमारीच्या हक्काचं. राज्यातल्या जलाशयांत तो हक्क ठेक्याने किंवा परवान्याने मिळतो, म्हणजे मुदतीपुरता. मालकी नाही, कूळ नाही, सातबारा नाही. शिवाय अभयारण्यात मासेमारी हा आधीच नाजूक विषय, त्यामुळे मच्छीमार स्वतःचा हक्क फार ठासून सांगायला बिचकतो. ज्याचा हक्क मुदत संपली की नव्याने ठरतो त्याने पंचवीस वर्षांच्या वीज प्रकल्पासमोर काय घेऊन उभं राहायचं?

वायूच्या विहिरीशी तुलना

नैसर्गिक वायूसाठी खोदकाम होतं तिथला विरोध लोकांना पटकन समजतो. धूर, आग, वास, भीती, सगळं समोर दिसतं. २७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान इथं ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायू उसळला. ९ जूनला तिने पेट घेतला, दोन अग्निशामक जवान गेले, आणि विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. शेजारी मागुरी-मोटापुंगचं पाणथळ, त्यावर जगणारे मासेमार, पलीकडे दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. इतकं घडल्यावर, काठावरच्या लोकांना आधी विचारायला हवं होतं हे कुणालाही मान्य होतं.

आणि तरीही, त्याच वर्षी १६ जानेवारीला केंद्राने तेल आणि वायूच्या शोधासाठीचं खोदकाम "ब-२" गटात टाकलं होतं. या गटातल्या प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. म्हणजे वायू काळजी करण्यासारखा आणि सौर निर्मळ, हा फरक आपल्या मनात असला तरी लोकांना विचारण्याच्या बाबतीत दोघांना एकाच रांगेत नेऊन बसवलं आहे. मराठवाड्याच्या बऱ्याच भागात खाली वायू असण्याची शक्यताच कमी. किल्लारीच्या भूकंपानंतर संशोधनासाठी घेतलेल्या ६१७ मीटर खोल बोअरमध्ये सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट प्राचीन कठीण खडक लागला. वायूची रिग आपल्या दारात बहुधा येणार नाही. पण लोकांना न विचारण्याची जी सवय तिच्याबरोबर येते, ती सौर प्रकल्पाच्या पाठीवर बसून पैठणला पोहोचलीसुद्धा.

प्रकल्पाच्या बाजूने

ही बाजू दुबळी नाही आणि तिला दुबळी करून दाखवणं मला मान्य नाही. मराठवाड्यात शेतकरी रात्री मोटार चालू करायला उठतो. दिवसा वीज मिळणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. जमिनीवर सौर प्रकल्प घातला तर पाच हजार एकर शेतजमीन किंवा गायरान जातं, आणि गायरान गेलं की मेंढपाळ आणि भूमिहीन मरतो. पाण्यावर पॅनेल थंड राहतात, म्हणून थोडी जास्त वीज देतात. सावलीमुळे शेवाळ कमी होऊ शकतं. मध्य प्रदेशात नर्मदेवर ओंकारेश्वरला असे प्रकल्प सुरूही झाले आहेत, आणि तिथल्या मासेमारांनी जाळी टाकायची जागा गेल्याची तक्रारही केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

म्हणून "प्रकल्प नको" एवढ्यावर थांबलेला विरोध मला अपुरा वाटतो. निविदा रद्द करा अशी मागणी केली की न्यायालयासमोर होय किंवा नाही एवढंच उरतं, आणि सौरऊर्जेच्या बाबतीत आज उत्तर होय हेच येणार. कुठे, किती, कोणत्या पातळीपर्यंत, मोबदला कुणाला, हे मधले प्रश्न तसेच राहून जातात.

आता काय हाती आहे

न्यायालयाचा निकाल निविदेबद्दलचा आहे. जलाशयाचा वापर कसा व्हावा याबद्दल लोकांनी बोलू नये, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मला सुचतं ते काम असं.

मच्छीमार सोसायट्यांनी रोजच्या माशांची आणि त्या दिवशीच्या पाणीपातळीची नोंद सुरू करावी, जागेच्या नावासह. जागांना काठावर नावं आहेतच. बुडालेल्या गावांची, देवळांची, डोहांची. दोन उन्हाळे ही नोंद झाली तर खोल भाग कोण, कधी आणि किती वापरतं याचा पुरावा तयार होतो. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. संभाजीनगरच्या पक्षीमित्रांनी ती मोजणी पाण्याच्या पातळीशी जोडावी आणि मच्छीमारांच्या नोंदीशेजारी ठेवावी. आजवर पक्षीमित्र आणि मच्छीमार एकमेकांकडे संशयाने बघत आले. एकाला वाटतं जाळ्यात पक्षी अडकतात, दुसऱ्याला वाटतं अभयारण्यामुळे आपली बोट अडते. हा अविश्वास खरा आहे आणि तो एका बैठकीत जाणार नाही, पण नोंदी वेगवेगळ्या वह्यांत राहिल्या तर दोघांचंही म्हणणं अर्धवटच ठरेल.

काठावरच्या ग्रामसभांनी ठराव करून जलसंपदा विभागाकडे तीन गोष्टी मागाव्यात: तराफ्यांच्या जागेचा नकाशा, अभयारण्याच्या हद्दीसह, मृतसाठ्याच्या पातळीला उरणाऱ्या पाण्यापैकी किती टक्के झाकलं जाणार त्याचा हिशेब, आणि बोटींच्या वाटा कुठून राहतील ते. नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे. जमीन संपादित होत नसली तरी मच्छीमारांना बाधित मानून मोबदला देण्यापासून सरकारला कुणी अडवलेलं नाही. त्यासाठी मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरेसा आहे, आणि तो मागण्याचं काम या भागातल्या आमदार-खासदारांचं आहे.

एका मागणीवर मात्र तडजोड नसावी. जिवंत साठा संपल्यावर जे पाणी उरतं त्याच्या किती भागावर तराफे चालतील याची मर्यादा करारात लिहिली गेली पाहिजे, आणि ती ठरवताना परवानाधारक मच्छीमार समोर बसलेला असला पाहिजे. २०१६ सारखा उन्हाळा आला की नाथसागर किती उरतो, हे त्या टेबलाभोवतीच्या इतर कुणापेक्षाही त्याला अधिक चांगलं माहीत आहे.